न आलेल्या वादळाचा पूर

२०२४च्या जुलै महिन्याच्या चौथ्या आठवड्यात पश्चिम प्रशांत महासागरात ‘गेमी’ नावाचे टायफून उत्तरेकडे सरकत होते. त्याचा मार्ग दाखवणारी नकाशावरची रेघ फिलिपिन्सच्या लुझोन बेटाला पूर्वेकडून वळसा घालून तैवानकडे जात होती आणि घडलेही तसेच. किनाऱ्याजवळ एक गिरकी घेऊन २५ जुलैच्या मध्यरात्री ते तैवानच्या यीलान परगण्यात जमिनीवर आले. फिलिपिन्सच्या भूमीला त्याच्या केंद्राने स्पर्शही केला नाही. तरीही आदल्या दिवशी, २४ जुलैला, फिलिपिन्सची राजधानी मनिला पाण्याखाली होती. शहराच्या पूर्व भागातून वाहणारी मारिकिना नदी १८ मीटरला पोहोचली की काठावरच्या लोकांना सक्तीने हलवले जाते. त्या दिवशी ती २० मीटरच्या वर गेली. संपूर्ण महानगर आपत्तीग्रस्त जाहीर करावे लागले, डझनावारी माणसे दगावली आणि दुसऱ्याच दिवशी मनिलाच्या उपसागरात सुमारे १४ लाख लिटर इंधन तेल घेऊन निघालेले एक जहाज बुडाले. त्याच आठवड्यात पुण्यात मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत शिरले होते, त्यामुळे मनिलाच्या पुराकडे आपल्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नसावे.

जे वादळ आलेच नाही, त्याने एका महानगराला बुडवले कसे? उत्तर आपल्या ओळखीचे आहे. मनिलाला बुडवले ते मोसमी पावसाने. वादळाने फक्त त्या पावसाला आपल्याकडे ओढून घेतले आणि मनिला वाटेत होती.

फिलिपिन्समध्ये नैऋत्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्याला ‘हबागात’ म्हणतात आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्याला ‘अमिहान’. हबागात हा आपल्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांचाच भाऊबंद. हिंदी महासागरावरून निघालेल्या दमट हवेचा मोठा प्रवाह भारतावर पाऊस पाडून थांबत नाही. बंगालचा उपसागर, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम ओलांडत तो दक्षिण चीन समुद्रावर येतो. तिथे विषुववृत्त ओलांडून आलेले आणखी वारे त्याला मिळतात आणि हे सारे मिळून लुझोनच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतात. कोकणात राहणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. समुद्र, चिंचोळी किनारपट्टी, मागे डोंगर आणि त्या डोंगरावर चढताना थंड होऊन पाणी सांडणारे ढग, ही रचना तिथेही आहे. मनिलाच्या बाबतीत डोंगर जरा मागे, पूर्वेला आहे. सिएरा माद्रे नावाच्या त्या रांगेच्या पश्चिम उतारावर पडलेले पाणी मारिकिना नदीतून थेट महानगरात उतरते.

आता या चित्रात टायफून आणून ठेवा. उत्तर गोलार्धातील चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणजे त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूला वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लुझोनच्या ईशान्येला, समुद्रात चारपाचशे किलोमीटर दूर एखादे जोरदार टायफून असले, तर त्याच्या दक्षिण अंगाचे वारे आणि हबागात यांची दिशा एकच होते. दोघांचा जोर मिळून एक रुंद, दमट हवेचा पाट तयार होतो आणि तो वादळाच्या केंद्रापासून दूर असलेल्या डोंगरांवर तासन् तास, कधी दिवसेंदिवस रिकामा होत राहतो. टायफून जितके संथ, तितका हा पाट जास्त वेळ एकाच जागी. वादळ थेट अंगावर आले तर ते काही तासांत पुढे सरकते. दूर उभे राहिलेले वादळ मात्र मोसमी वाऱ्याचा नळ उघडा ठेवून बसते.

हे काही २०२४मध्ये लागलेले शोध नव्हेत. २०१२च्या ऑगस्टमध्ये ‘हायकुई’ हे टायफून चीनकडे जात असताना मनिलात काही दिवसांत एक हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. तेव्हाही वादळ फिलिपिन्सवरून गेले नव्हते. लोकांनी त्या पुराला कोणत्याही वादळाचे नाव न देता सरळ ‘हबागात’ म्हटले आणि ते शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर होते.

सर्वांत कठोर उदाहरण तैवानचे आहे. ७ ऑगस्ट २००९च्या रात्री ‘मोराकोट’ तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर आले. वाऱ्याच्या हिशेबात ते मध्यम प्रतीचे वादळ, तैवानने त्याहून कितीतरी उग्र टायफून पाहिलेले. पण ते बेटावरून जाताना रेंगाळले आणि त्याच्या दक्षिणेला नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा प्रवाह जोडला गेला. दक्षिण तैवानच्या डोंगरांत, आलिशान भागात, त्या काही दिवसांत २,७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. महाबळेश्वरला अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, त्याच्या जवळजवळ निम्मा. ९ ऑगस्टच्या सकाळी, केंद्र बेट सोडून समुद्रात गेल्यावर, शियाओलिन गावामागचा डोंगर खाली आला. चारशेहून अधिक माणसे गाडली गेली. पुढच्या महिन्यात तैवानच्या पंतप्रधानांना मदतकार्यातील ढिलाईवरून पायउतार व्हावे लागले.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. टायफूनची प्रतवारी जगभर वाऱ्याच्या वेगावरून होते. ते सोयीचे आहे, कारण वाऱ्याचा वेग ही एका आकड्यात मावणारी गोष्ट आहे आणि जहाजांना, विमानांना, विजेच्या खांबांना तोच आकडा हवा असतो. पण माणसे मरतात ती बहुतेक वेळा पाण्याने. समुद्राचे पाणी आत येऊन, नदीचे पाणी वर येऊन, डोंगराचा चिखल खाली येऊन. वाऱ्याची प्रत आणि पावसाचे प्रमाण यांचा संबंध फार सैल आहे. २६ सप्टेंबर २००९ला मनिला बुडवणारे ‘केत्साना’ तर टायफूनच्या पायरीलाही पोहोचलेले नव्हते. शहरातल्या एका केंद्रावर त्याने २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस पाडला आणि १९६७पासूनचा विक्रम मोडला. तरी ‘वादळ मंदावले’, ‘वादळाची तीव्रता घटली’, ‘वादळ कमी दाबाच्या क्षेत्रात रूपांतरित’ या बातम्या वाचून वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. पश्चिम प्रशांत महासागराचा इतिहास सांगतो की काही वेळा खरी गोष्ट त्या बातमीनंतर सुरू होते.

१९७५च्या ऑगस्टमध्ये ‘नीना’ टायफून तैवान ओलांडून चीनमध्ये शिरले, जमिनीवर विझले आणि त्याचे अवशेष किनाऱ्यापासून खूप आत, हेनान प्रांतावर अडकून पडले. एका ठिकाणी २४ तासांत एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. ८ ऑगस्टच्या पहाटे बानचियाओ धरण फुटले आणि त्याच्यासह त्या परिसरातली एकूण ६२ धरणे. धरणाला जास्त दरवाजे हवेत असे सांगणारा चेन शिंग हा जलतज्ज्ञ त्याआधीच बाजूला सारला गेला होता. पुरात बुडून मेलेल्यांचा अधिकृत आकडा २६ हजारांच्या घरात आहे. पण नंतरच्या आठवड्यांत रोगराईने आणि उपासमारीने गेलेल्यांचे अंदाज याच्या कित्येक पट आहेत. चीनने ही माहिती अनेक वर्षे बाहेर येऊ दिली नाही.

त्याच हेनान प्रांतात २० जुलै २०२१ला चंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत दिवसभरात एवढा पडला तर आपण ‘अतिवृष्टी’ म्हणतो. भुयारी रेल्वेच्या डब्यांत पाणी चढून १४ प्रवासी गेले. ‘इन-फा’ हे टायफून त्या वेळी हजार किलोमीटरहून दूर, तैवानच्या पूर्वेला समुद्रात होते. त्याच्या उत्तरेकडच्या वाऱ्यांनी बाष्पाचा ओघ चीनच्या आत ढकलला आणि तिथल्या डोंगररांगांनी तो अडवला. हवामान विभागाने त्या दिवशी लाल इशारे दिले होते. शाळा-कचेऱ्या बंद करण्याचा निर्णय मात्र वेळेत कुणी घेतला नाही. नंतरच्या सरकारी चौकशीत केवळ दिरंगाईच नव्हे, तर १३९ मृत्यू दडवल्याचेही नोंदले गेले.

आणि २०२४चे ‘यागी’. ७ सप्टेंबरला ते उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर आले, दुसऱ्या दिवशी क्षीण झाले. १० सप्टेंबरच्या सकाळी किनाऱ्यापासून दूर, लाओ काय प्रांतातील लांग नू या डोंगरातल्या पाड्यावर चिखलाचा लोंढा आला आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. त्याच प्रांतातल्या खो वांग या दुसऱ्या पाड्यावर गावाच्या तरुण प्रमुखाला डोंगरावर लांबलचक भेग दिसली. मोबाइलला रेंज नव्हती, वरून कुणी काही कळवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने कुणाच्या परवानगीची वाट न पाहता १७ घरांतल्या ११५ लोकांना वर सुरक्षित जागी नेले. दरड आली, घरे गेली, माणसे राहिली. आपल्या तळिये आणि इर्शाळवाडीच्या संदर्भात या दोन पाड्यांची गोष्ट आपल्या प्रत्येक तलाठ्याने आणि सरपंचाने वाचावी अशी आहे.

एवढी उदाहरणे समोर असताना चूक वारंवार का होते, हा खरा प्रश्न आहे. हवामानशास्त्र मागासलेले आहे म्हणून नव्हे. गेल्या तीन दशकांत वादळाचा मार्ग सांगण्यातली अचूकता थक्क करणारी सुधारली आहे. उपग्रह, महासागरी तरंगक, संगणकी प्रारूपे यांच्या जोरावर तीन दिवसांनंतर वादळाचे केंद्र कुठे असेल हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते. उलट या यशातच अडचण दडली आहे. जे नीट सांगता येते त्याचा नकाशा होतो, तो दूरचित्रवाणीवर येतो, मोबाइलवर फिरतो आणि लोक त्या रेघेला धरून निर्णय घेतात. नकाशावरचा तो निमुळता, पुढे रुंदावत जाणारा पट्टा वादळाचे केंद्र कुठे असू शकेल एवढेच सांगतो. धोका किती लांब पसरेल, याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. पण पट्ट्याबाहेरचा माणूस स्वतःला वाचलेला समजतो. पाऊस कुठे, किती तासांत, किती पडेल हे सांगणे अजूनही अवघड आहे. ते मोठ्या शक्यतांच्या भाषेत सांगावे लागते आणि शक्यतांचा नकाशा दिसायला आकर्षक नसतो.

फिलिपिन्सच्या हवामान संस्थेने, ‘पगासा’ने, या बाबतीत प्रामाणिक प्रयत्न केले आहेत. वाऱ्याचे इशारे तिथे १ ते ५ अशा क्रमांकांनी दिले जातात. पाचवा क्रमांक २०१३च्या ‘हैयान’नंतर, २०१५मध्ये जोडला गेला. पावसासाठी २०१२पासून वेगळे रंग आहेत. तासाला साडेसात मिलिमीटरहून जास्त पडू लागला की पिवळा, पंधराहून जास्त झाला की नारिंगी, तीसच्या वर गेला की लाल. कल्पना चांगली आहे. तासाचा हिशेब लोकांना कळतो, कारण गटार तासाभरात तुंबते, दिवसाभरात नव्हे. तरीही लोकांच्या मनात क्रमांकांची मुळे खोल आहेत. वाऱ्याचा क्रमांक लागलेला नाही म्हणजे वादळ नाही आणि वादळ नाही म्हणजे चिंता नाही, हा हिशेब मोडणे रंगांनाही जड जाते.

शब्दांचेही असेच. ८ नोव्हेंबर २०१३ला हैयान ताक्लोबान शहरावर आले तेव्हा समुद्राचे पाणी पाचसहा मीटर उंच होऊन आत घुसले. इशारा दिलेला होता. त्यात ‘स्टॉर्म सर्ज’ हे इंग्रजी शब्द होते आणि ते किनाऱ्यावरच्या लोकांना कळले नाहीत. ‘त्सुनामी म्हणाले असते तर आम्ही पळालो असतो’ असे वाचलेले लोक नंतर सांगत राहिले. अधिकृत आकड्यांनुसार ६,३०० माणसे मेली. त्याच किनाऱ्यावर १८९७मध्ये असेच पाणी आत आले होते आणि मनिला वेधशाळेतील जेझुइट धर्मगुरू होजे आल्गुए यांनी त्यावर सविस्तर लिहून ठेवले होते. म्हणजे माहिती होती, इशारा होता, तंत्रज्ञान होते. मधला शब्द तेवढा नव्हता. आता तिथे ‘दालुयोंग’ हा देशी शब्द रुळवण्याचा प्रयत्न चालू आहे. आपल्याकडे कोकणात ‘उधाण’ आहे, पण ते दर अमावस्या-पौर्णिमेला येते, त्याची भीती कुणाला वाटत नाही. वादळाने ढकललेल्या पाण्यासाठी, घरातल्या आजीलाही दचकवील असा शब्द मराठीला अजून हवाच आहे. (‘तुफान’ आणि ‘टायफून’ हे शब्द एकमेकांचे कोण लागतात, अरबी-फारसीकडून कुठे गेले आणि चिनीकडून कुठे आले, यावर भाषातज्ज्ञांचे अजून एकमत नाही. शब्दाने समुद्र ओलांडला, अर्थ मात्र दर वेळी किनाऱ्यावर थोडा सांडत आला आहे.)

आता पाणी ओसरल्यानंतरचे. आरोग्याच्या दृष्टीने ही दुसरी लाट आहे आणि तिचा इशारा कुठल्याच नकाशावर नसतो.

२००९च्या केत्सानानंतर मनिलात काही आठवड्यांतच लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि शंभरावर मृत्यू. २०२४मध्ये गेमीने ओढून आणलेल्या पुरानंतर तेच झाले. ऑगस्टमध्ये क्वेझोन सिटीतील राष्ट्रीय मूत्रपिंड आणि प्रत्यारोपण संस्थेला लेप्टोचे रुग्ण ठेवायला खाटा पुरेनात, तेव्हा तिने आपल्या व्यायामशाळेचा वॉर्ड केला. पुराचे रुग्ण मूत्रपिंडाच्या रुग्णालयात का, हे समजून घेतले तर हा आजार समजतो.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पीळ असलेला जिवाणू. तो उंदीर-घुशींच्या, कधी कुत्री, गुरे, डुकरे यांच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो आणि त्यांच्या लघवीतून बाहेर पडतो. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. एरवी हे सारे गटारांत, बिळांत राहते. पूर आला की गटार आणि रस्ता एक होतात आणि गुडघाभर पाण्यातून घरी निघालेल्या माणसाच्या पायाला चपलेने घासून पडलेला फोड, नखाजवळची चीर, किंवा बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी एवढी वाट जिवाणूला पुरते. डोळ्यांत, तोंडात उडालेल्या पाण्यातूनही तो आत जातो. त्यानंतर बहुधा पाच ते चौदा दिवस काहीच होत नाही. घर धुऊन झालेले असते, गाद्या वाळलेल्या असतात, माणूस कामावर परतलेला असतो. मग ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते. यात दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात आणि डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. बहुतेक जण एवढ्यावर बरे होतात. काहींच्या बाबतीत जिवाणू यकृत आणि मूत्रपिंडांवर हल्ला चढवतो. कावीळ दिसते, लघवी कमी होते, क्वचित फुप्फुसांत रक्तस्राव होतो. अशा रुग्णाला वेळेत डायलिसिस मिळाले तर तो वाचतो, कारण लेप्टोने बंद पडलेली मूत्रपिंडे बहुधा पुन्हा चालू होतात. म्हणूनच पुरानंतरच्या पंधरवड्यात डायलिसिसची यंत्रे किती, हा प्रश्न बोटी किती या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मुंबईकराला हे सारे नवे नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. सिंधुदुर्गात भातखाचरांत अनवाणी काम करणाऱ्यांना हा आजार पूर नसतानाही गाठतो. उपायही ठाऊक आहेत. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर ७२ तासांच्या आत जवळच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे, अशी सूचना मुंबई महापालिका दर पावसाळ्यात काढते. बहुधा डॉक्सीसायक्लीन दिली जाते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळे औषध असते, म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नये. पायाला जखम असेल तर धोका आणखी वाढतो. ताप आला तर डॉक्टरांना ‘मी अमुक दिवशी पाण्यातून चाललो होतो’ हे आपणहून सांगावे. पावसाळ्यातला ताप म्हटला की डोक्यात आधी डेंग्यू आणि मलेरिया येतो, आणि लेप्टोवर पहिल्या दिवसांत दिलेले साधे प्रतिजैविक नंतरच्या अतिदक्षता विभागापेक्षा फार स्वस्त आणि फार परिणामकारक असते.

या जागतिक बिघाडात हवामान बदलाचा वाटा किती, असे हल्ली प्रत्येक पुरानंतर विचारले जाते. एखाद्या वादळावर बोट ठेवून उत्तर देणे धोक्याचे, पण मूळ भौतिकशास्त्र साधे आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पश्चिम प्रशांत महासागर हा जगातला सर्वांत उबदार पाण्याचा साठा. वर्षाला सरासरी पंचवीसच्या वर नाव मिळणारी वादळे तिथे जन्मतात, जगातल्या एकूण वादळांच्या जवळजवळ एक तृतीयांश. वादळांची संख्या वाढेलच असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. प्रत्येक वादळातला पाऊस वाढेल आणि अतितीव्र वादळांचे प्रमाण वाढेल, याबद्दल मात्र त्यांच्यात बऱ्यापैकी एकमत आहे. म्हणजे ज्या गोष्टीची मोजपट्टी आपण सर्वांत कच्ची ठेवली आहे, तीच वाढणार आहे.

आपला त्या महासागराशी संबंध केवळ कुतूहलाचा नाही. पश्चिमेकडे येणाऱ्या टायफूनचे अवशेष इंडोचीन ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरतात आणि तिथे नव्या कमी दाबाच्या क्षेत्राला बळ देतात. तेच पुढे विदर्भ-मध्य प्रदेशाकडे पाऊस घेऊन येते. कधी आख्खे वादळच येते. २०१९च्या जानेवारीत ‘पाबुक’ थायलंड ओलांडून त्याच नावाने अंदमानच्या समुद्रात उतरले होते. उलट टायफुने उत्तरेकडे वळत राहिली की आपल्या मोसमी पावसात खंड पडण्याची शक्यता वाढते, हा हवामानशास्त्रज्ञांचा जुना अनुभव आहे. आपल्या वेधशाळांचे तिकडे लक्ष असतेच. वाचकांचे फारसे नसते, आणि त्याला वाचक जबाबदार नाहीत.

तेव्हा काही मागण्या सरळ करता येतील. चक्रीवादळाच्या प्रत्येक बातमीत वाऱ्याच्या वेगाच्या शेजारी पावसाचा अंदाज त्याच मोठ्या अक्षरांत हवा आणि तो जिल्ह्यापुरता न थांबता नदीखोऱ्यापर्यंत यायला हवा. ‘वादळ क्षीण झाले’ या वाक्याला पुढचे ४८ तास पावसाचे काय, याची जोड दिल्याशिवाय ते छापू वा बोलू नये, हे वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांनाही लागू. दरडप्रवण वाड्यांतल्या प्रमुखांना लोक हलवण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारा खर्च आधीच दिलेला असावा. खो वांगच्या तरुणासारखे धाडस प्रत्येक वाडीत असेलच, यावर व्यवस्था बांधता येत नाही. आणि मुसळधार पावसाचा लाल इशारा निघताच आरोग्य विभागाने पुढच्या तीन आठवड्यांचे लेप्टोचे वेळापत्रक सुरू करावे. प्रतिबंधक गोळ्यांचा साठा प्रभागातल्या दवाखान्यात आहे का, सफाई कामगारांना गमबूट मिळाले का, कोणत्या रुग्णालयात डायलिसिसची किती यंत्रे मोकळी आहेत, याची यादी पाणी ओसरायच्या आत तयार हवी. रुग्णांवर व्यायामशाळेत उपचार करण्याची वेळ आलीच, तर तिथे पाण्याच्या नळाची आणि विजेची सोय कुठे आहे, हेही त्याच यादीत लिहिलेले असावे.